जंगलात पहिल्यांदा जाताय? आधी बसायला शिका

पहिल्या पाच जंगलफेऱ्यांत मला दिसलं ते एवढंच: एक खार, काही कावळे आणि मोजता येणार नाहीत इतक्या मुंग्या. सकाळी आत शिरायचं, दहा-बारा किलोमीटर तुडवायचे, घामाघूम होऊन बाहेर यायचं आणि ‘या जंगलात काही उरलंच नाही’ असं ठरवून मोकळं व्हायचं. सहाव्या फेरीत बुटाचा तळ सुटला. आडव्या पडलेल्या एका खोडावर बसून तो दोरीने बांधत होतो. वीसेक मिनिटं गेली असतील. मान वर केली तर समोर तीस पावलांवर हरणाची मादी पिल्लासकट पाला ओरबाडत उभी. त्याआधीच्या पाचही फेऱ्यांत मी प्राणी बघत नव्हतो, हाकारा घालत हिंडत होतो, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

म्हणून या लेखात चालण्यापेक्षा थांबण्यावर जास्त भर आहे. सार्वजनिक जंगलात प्रथमच जाणाऱ्यांसाठी, तयारीपासून घरी परत येईपर्यंतच्या गोष्टी ज्या क्रमाने कराव्या लागतात त्याच क्रमाने सांगतो.

जंगल कोणतं निवडायचं

नावाजलेलं, मोठं, वाघ-अस्वलांचं जंगल पहिल्या खेपेला नको. जिथे हत्ती, अस्वल किंवा मोठी मार्जारकुळातली जनावरं आहेत तिथे पायी फिरायला बहुधा परवानगी नसतेच. असली तरी स्थानिक वाटाड्याशिवाय जाऊ नका. नवशिक्याला हवं ते लहान, जवळचं आणि पुन्हा पुन्हा जाता येईल असं रान. दोन-तीन किलोमीटरची गोल वाट पुरते. नकाशा बघताना पाणवठा, दाट झाडी आणि मोकळं गवत एकमेकांना जिथे भिडतात त्या जागा हेरून ठेवा. एकाला लपायला झाडी लागते, दुसऱ्याला चरायला गवत, आणि पाणी तर सगळ्यांनाच. त्यामुळे अशा सीमेवर वर्दळ जास्त.

जंगल सार्वजनिक असलं तरी ते फक्त आपल्या फिरण्यासाठी राखलेलं नसतं. ब्रिटनचं वन आयोग १९१९ साली स्थापन झालं ते पहिल्या महायुद्धात आटलेला लाकूडसाठा भरून काढायला. लोकांच्या विहारासाठीचं पहिलं वन-उद्यान तिथे, स्कॉटलंडमधल्या आर्गाइलमध्ये, झालं ते १९३५ साली. आजही बऱ्याच सरकारी जंगलांत तोड, लागवड आणि काही देशांत ठरावीक हंगामात शिकारही चालू असते. ‘वाट बंद’ अशी पाटी दिसली तर ती कोणाची लहर म्हणून लावलेली नसते. पलीकडे झाड पडत असेल, किंवा घरट्यावर पक्षी बसलेला असेल.

नियम देशागणिक बदलतात. स्वीडनमध्ये रानात फिरण्याचा हक्क सगळ्यांना आहे, स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने तसा हक्क दिला. दुसरीकडे कुठे प्रवेशपत्र लागतं, कुठे फक्त वाहनातून जाता येतं. निघण्याआधी त्या जंगलाचा कारभार बघणाऱ्या खात्याच्या संकेतस्थळावर किंवा प्रवेशद्वाराच्या फलकावर या गोष्टी पाहून घ्या: कुठला भाग खुला आहे, फाटक कधी बंद होतं, कुत्रा नेता येतो का, सध्या शिकारीचा किंवा वणव्याचा हंगाम आहे का. विस्तवाबद्दल मात्र विचारूच नका. पहिल्या वर्षभर तरी जंगलात काडी पेटवायची नाही, असा स्वतःशीच करार करा.

वेळेचं गणित

१८९२ मध्ये विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक सोपा हिशेब मांडला होता. सपाटीवर दर पाच किलोमीटरला एक तास धरायचा आणि प्रत्येक ६०० मीटर चढाला आणखी एक तास मिळवायचा. डोंगर चालणारे आजही तो वापरतात. पण हा हिशेब मुक्काम गाठायला निघालेल्याचा आहे. तुम्ही बघायला निघालात, तर तासाला एक-दोन किलोमीटर धरा. मावळतीच्या किंवा फाटक बंद होण्याच्या वेळेपासून उलटे मोजत या आणि परतीची वेळ कागदावर लिहा. मनात ठेवलेली वेळ पुढे सरकत राहते, हा माझा अनुभव.

जायचं पहाटे. उजाडताना हवा स्थिर आणि गार असते, त्यामुळे पाखरांचा आवाज लांबवर पोचतो. किडे टिपायला उजेड अजून पुरेसा नसतो, म्हणून नर त्या वेळात गाऊन घेतात. हरणं, ससे, कोल्हे यांची हालचालही उजाडताना आणि अंधारताना जास्त. भर दुपारी पोचलात तर झाडं बघा, झाडंही बघण्यासारखी असतात. पण प्राणी दिसले नाहीत म्हणून कुरकुर नको. जोराचा वारा असेल त्या दिवशी बेत रद्द केलेला बरा. पानांच्या सळसळीत ना तुम्हाला काही ऐकू येतं ना प्राण्यांना, त्यामुळे तीही बिचकलेली असतात. शिवाय वाळक्या फांद्या कोसळतात. झाडाखाली बसण्याआधी वर बघण्याची सवय इथूनच लावा. उलट, पाऊस पडून गेल्यावरची सकाळ सोन्यासारखी, कारण ओल्या मातीत रात्रभराचा सगळा हिशेब उमटलेला असतो.

पाठपिशवी आणि अंगावरचे कपडे

पाणी, थोडं खाणं, अंगावर चढवता-उतरवता येईल असा एक जादा थर, शिट्टी, विजेरी, मलमपट्टीचं सामान, कागदी नकाशा, कचऱ्यासाठी रिकामी पिशवी. एवढंच. फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून घ्या आणि आत गेल्यावर फोन विमान-मोडवर टाका. रेंज शोधण्यात बॅटरी फुकट जाते. कुठल्या वाटेने जाणार आणि किती वाजेपर्यंत परतणार, हे घरच्या एकाला तरी सांगून निघा.

कपड्यांचा रंग कोणता, यावर नवे लोक फार वाद घालतात. हरणांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, आपल्यासारख्या तीन नाहीत. त्यांना निळा चांगला दिसतो. नारिंगी आणि लाल मात्र आसपासच्या हिरव्या-तपकिरीत मिसळून जातात. म्हणजे शिकारीच्या हंगामात सुरक्षेसाठी भडक नारिंगी बंडी खुशाल घाला, हरणाला तिचं काही नाही. निळी जीन्स मात्र घरी ठेवा. पाखरांना सगळेच रंग उत्तम दिसतात, त्यांच्यासमोर रंगाची चलाखी चालत नाही. रंगापेक्षा घातक असतो तो आवाज: चालताना करकरणारं रेनकोटचं कापड, खुळखुळणाऱ्या किल्ल्या. आणि अत्तर नको.

दुर्बीण घ्यायची तर ८×४२ पासून सुरुवात करा. पहिला आकडा वस्तू किती पट जवळ दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यात येणाऱ्या उजेडाच्या झोताची रुंदी मिळते: इथे सव्वापाच मिलिमीटर, झाडीतल्या अंधुक उजेडाला छान. जास्त पटीचा मोह टाळा. दहा-बारा पटीत हाताची थरथरही तितकीच मोठी होते आणि दिसणारा प्रदेश आकसतो. नवीन दुर्बीण आधी नीट जुळवून घ्यावी लागते. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट दिसेल असं करा. मग डावा मिटून उजव्या नळीवरची कडी फिरवा. ती कडी एकदा जुळली की तिला पुन्हा हात लावायचा नाही. चष्मा असेल तर डोळ्यांजवळच्या रबरी वाट्या खाली दाबून ठेवा. आणि पाखरू दिसलं की नजर दुर्बिणीकडे वळवायची नाही. नजर पाखरावरच रोखून दुर्बीण डोळ्यांपर्यंत वर आणायची. हे घरी, खिडकीतून, पन्नास वेळा करून बघा.

आत शिरल्यावर

वाट सोडू नका. पॅरिसजवळच्या फोंतेनब्लोच्या जंगलात क्लोद फ्रांस्वा दनकूर या माजी सैनिकाने १८४२ पासून फिरणाऱ्यांसाठी पायवाटा आखायला आणि त्यांवर निळ्या खुणा करायला सुरुवात केली. आज जगभरच्या रानांत खोडांवर दिसणारे रंगांचे पट्टे त्याच परंपरेतले. आपल्या वाटेचा रंग कोणता हे फाटकावरच बघून घ्या. बराच वेळ पुढची खूण दिसली नाही तर तसंच पुढे न रेटता शेवटच्या खुणेपर्यंत मागे या.

सुरुवातीचं पाव मैल लोक शहराच्याच वेगाने चालतात. पायांना सवय असते. मुद्दाम वेग निम्मा करा. दहा-पंधरा पावलं टाका, थांबा, कानोसा घ्या, पुन्हा चाला. जमलं तर वारा तोंडावर येईल अशा दिशेने. पाठीमागून वारा असला की तुमचा वास तुमच्या आधी पुढे पोचतो आणि सस्तन प्राण्यांना तेवढी वर्दी पुरते. एकटक एका झुडपाकडे न बघता नजर सैल सोडून समोरचा सगळा पट्टा एकदम बघायचा प्रयत्न करा. डोळ्यांच्या कडांना तपशील नीट दिसत नाही, पण हालचाल लगेच टिपता येते.

आता बसा

आता खरं काम. वाटेच्या कडेला, पाणवठ्यापासून थोडं दूर, जाड खोडाला पाठ टेकून बसायची जागा शोधा. खोडामुळे तुमची आकृती तुटते, उघड्यावर बसल्यासारखी ठळक दिसत नाही. बुडाखाली काही जाडसर घ्या. हा सल्ला हास्यास्पद वाटेल. पण लोक उठतात ते कंटाळून कमी आणि ओल्या, खडबडीत जमिनीमुळे जास्त.

घड्याळ लावा, तीस मिनिटं. पहिली दहा काहीच होणार नाही. तुम्ही आलात तेव्हा जे पळालं किंवा गप्प बसलं, ते अजून अंदाज घेत असतं. या वेळात हात खिशात जाईल, फोन काढावासा वाटेल. जाऊ देऊ नका. मग हळूहळू आवाज परत येऊ लागतात. आधी लांबचं एखादं पाखरू, मग डोक्यावरचं, मग पाचोळ्यात खसखस. ही खसखस नव्या माणसाला हमखास फसवते. मोठं जनावर आलं म्हणून छाती धडधडते आणि निघतो तो पानं उलथणारा वीतभर पक्षी. मोठी जनावरं बरेचदा विलक्षण हलकी चालतात.

आवाजांकडे नीट लक्ष दिलंत तर जंगलाची आपसातली बातमीदारी कळू लागते. उत्तर अमेरिकेत चिकाडी नावाचं चिमुकलं पाखरू आहे. धोक्याच्या सादेच्या शेवटी ते ‘डी-डी’ असा स्वर जोडतं. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असं आढळलं की शिकारी जितका लहान आणि चपळ, म्हणजे चिकाडीला जितका जास्त घातक, तितके हे ‘डी’ वाढतात. २०१९ मधला दुसरा अभ्यास खारींचा. ससाण्याचा आवाज ऐकवून घाबरवलेल्या करड्या खारींना पाठोपाठ पाखरांची नेहमीची किलबिल ऐकवली, तर त्या लवकर निवांत झाल्या. किलबिल चालू आहे म्हणजे सगळं ठीक, हे खारीला कळतं. तुम्हालाही कळायला हवं. एकाएकी सगळं चिडीचूप झालं, किंवा एकच कर्कश आवाज झाडावरून झाडावर सरकत येऊ लागला, तर त्या दिशेला बघा. शिकारी प्राणी त्या आवाजाखालून चाललेला असू शकतो.

भ्रमणध्वनीवर पाखरांचे आवाज वाजवून त्यांना जवळ बोलवायचा प्रकार मला मुळीच पसंत नाही. नर बिचारा आपल्या हद्दीत परका घुसला समजून धावून येतो, घरटं आणि खाणं सोडून. तुम्हाला फोटो मिळतो, त्याची सकाळ वाया जाते. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी-प्रयोगशाळेचं ‘मर्लिन’ ॲप आवाज ऐकून पक्षी ओळखायला मदत करतं. ते ऐकण्यापुरतंच वापरा.

कोणीच दिसलं नाही तर

असं वरचेवर होणार. मग खाली बघा. चिखलात गोलसर ठसा असून नखांची खूण नसेल तर तो बहुधा मार्जारकुळातला. नखं आत ओढून चालायची त्यांची रीत. कुत्रा, कोल्हा, लांडगा यांची नखं उमटतात. दोन खुरांचा ठसा हरणाचा किंवा डुकराचा. मागे आणखी दोन ठिपके उमटले असतील तर डुकराचा असण्याचा संभव जास्त. कोवळी डहाळी तिरकी, सुरीने कापल्यासारखी तुटली असेल तर ससा. टोक फाटलेलं, रेशे निघालेलं असेल तर हरीण, कारण त्याला वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे ते डहाळी कापत नाही, ओढून तोडतं. एखाद्या झाडाखाली केस आणि बारीक हाडं भरलेली करडी गोळी सापडली तर मान वर करा. घुबड न पचलेला भाग तोंडावाटे अशाच गोळीच्या रूपात टाकतं, आणि ते अजून वरच बसलेलं असू शकतं.

पडून कुजणारं खोडही चुकवू नका. बुरशी, भुंगेरे, गोगलगाई, सगळं तिथे. बघायला ओंडका उलथलात तर अलगद जसा होता तसाच परत ठेवा.

किती जवळ जायचं

प्रत्येक प्राण्याचं एक अंतर ठरलेलं असतं. त्याच्या आत आलात की तो पळतो. स्विस प्राणिशास्त्रज्ञ हाइनी हेडिगर यांनी या पलायन-अंतराचा पद्धतशीर विचार मांडला. जनावर पळालं म्हणजे तुम्ही ते अंतर मोडलंत. त्याच्या आधीही इशारे मिळतात: चरणं थांबतं, मान वर होते, कान तुमच्याकडे वळतात, पाय आपटला जातो. यातलं काहीही दिसलं की जागीच थांबा, मग सावकाश मागे सरा. अमेरिकेच्या यलोस्टोन उद्यानात बहुतेक प्राण्यांपासून २३ मीटर, तर अस्वल आणि लांडग्यांपासून ९१ मीटर दूर राहण्याचा नियम आहे. टेप घेऊन कोणी मोजत नाही, म्हणून एक युक्ती: हात ताठ पुढे धरून अंगठा उभा करा आणि एक डोळा मिटा. जनावर अंगठ्याआड पूर्ण झाकलं गेलं नाही तर तुम्ही फार जवळ आहात.

गवतात एकटं निपचित पडलेलं पाडस दिसलं तर कळवळून उचलू नका. आई चरायला जाताना त्याला मुद्दाम असं लपवून जाते आणि परत येते. तुम्ही तिथे उभे असाल तोवर येणार नाही. खायला तर कुणालाच काही घालू नका. माणसाच्या हातच्या खाण्याला सोकावलेलं जनावर माणसाच्या अंगावर येऊ लागतं आणि शेवटी त्यालाच पकडलं किंवा मारलं जातं.

अडचण आली तर

वाट चुकलीय असं वाटलं की थांबा, बसा, पाणी प्या. ‘सरळ चालत राहिलं की कुठेतरी निघूच’ हा भरवसा फसवा आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जर्मनीतल्या संशोधकांनी लोकांना तिथल्या बीनवाल्ड जंगलात सरळ चालायला सांगून उपग्रहाद्वारे त्यांचा माग ठेवला. ऊन होतं तेव्हा लोक बऱ्यापैकी सरळ गेले. आभाळ भरलेलं होतं तेव्हा गोल फिरून आपल्याच जुन्या वाटेवर आले, आणि त्यांना ते कळलंही नाही. त्यामुळे शेवटची ओळखीची खूण कुठली, तिथे नक्की परत जाता येईल का, हे आधी ठरवा. खात्री नसेल तर आहात तिथेच राहून शिट्टी वाजवा. तीन फुंका, थोडा वेळ शांतता, पुन्हा तीन. ओरडून घसा बसतो, शिट्टीला दमायचं कारण नसतं.

वीज चमकल्यावर गडगडाट तीस सेकंदांच्या आत आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. गाडीत किंवा पक्क्या इमारतीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका. तेवढं जवळ काही नसेल तर एकट्या उंच झाडापासून दूर, सखल भागातल्या ठेंगण्या झाडांमध्ये, पण खोडाला न टेकता थांबा.

शौचाला जाण्याची वेळ आलीच तर पाण्यापासून आणि वाटेपासून साठ मीटर दूर, वीतभर खोल खड्डा करून, नंतर बुजवून. कागद पिशवीतून परत आणायचा.

परत आल्यावर

दारातच बूट झाडा, तळव्यातली माती खरवडून काढा. तिच्यात परक्या तणांच्या बिया असतात आणि रोगही. न्यूझीलंडमध्ये कौरी हे महावृक्ष मातीतून पसरणाऱ्या एका रोगाने मरू लागले. २०१८ मध्ये ऑकलंडजवळच्या वाइटाकेरे डोंगररांगेतल्या जंगलवाटा त्यापायी बंद कराव्या लागल्या. ती माती माणसांच्या बुटांनीही इकडून तिकडे नेली होती.

मग कपडे उतरवून अंग तपासा: गुडघ्यांमागे, काखेत, जांघेत, कानांमागे, केसांत. गोचीड गवताच्या टोकावर पाय पसरून वाट बघत बसते आणि तीळभर आकाराची असली तरी आजार देऊ शकते. सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढा. तेल, व्हॅसलिन, पेटती काडी यांतलं काही नको. गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम या आजाराचे जंतू अंगात उतरायला बहुधा चोवीस तासांहून अधिक लागतात, म्हणून त्याच दिवशी शोधण्याला महत्त्व. पुढच्या काही आठवड्यांत ताप आला किंवा चट्टा पसरू लागला तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा.

फोटो टाकताना घरट्याची किंवा बिळाची जागा उघड करू नका. आयनॅचरलिस्टसारख्या, लोक जीवसृष्टीच्या नोंदी टाकतात अशा ऑनलाइन मंचावर संकटग्रस्त प्रजातींची नेमकी जागा आपोआप झाकली जाते. इतरत्र ते भान तुम्हालाच ठेवावं लागतं.

आणि झोपण्याआधी वहीत चार ओळी लिहा: तारीख, वेळ, वारा कुठून होता, कुठल्या झाडाखाली बसलात, किती मिनिटांनी पहिलं पाखरू बोललं. पुढच्या वेळी त्याच झाडाखाली बसा.